दुसऱ्याच्या तोंडची वाफ

(समाजाच्या कामतघर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या निमित्ताने आम्ही या व्यासपीठावरून अनेक वेळा चार शब्द बोललो आहोत. यंदा कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आमच्याच घरी उपस्थित झालेला एक वाद आपणांपुढे मांडावा असे आम्ही ठरविले. विजेवर चालणारी जी सिगारेट, जीस तरुण मंडळी 'व्हेप' म्हणतात, तिच्यावरून तो वाद झाला. परंतु त्यातला खरा प्रश्न संशोधनाचे नाव घेऊन केलेले विधान कसे पारखावे, हा होता.

गेल्या दिवाळीत पुण्यास नोकरीस असलेला आमचा पुतण्या घरी आला होता. रात्री जेवणे उरकल्यावर त्याने बाहेरच्या खोलीत बसून खिशातून बोटाएवढी नळी काढली आणि गोड वासाचा पांढरा लोट सोडला. त्याच खोलीत आमची चार वर्षांची नात झोपली होती. थंडी पडली की तिची छाती घरघरते. सूनबाईंनी मुलीस उचलून आत नेले. तोंडाने चकार शब्द काढला नाही. पुतण्यास ते लागले. तो म्हणाला, "काका, हा धूर नाही, वाफ आहे. विलायतेत संशोधन झालंय, मुलांच्या अंगात चौऱ्याऐंशी टक्के कमी जातं." इतक्यात आमच्या जावईबापूंनी आपला मोबाईल पुढे केला. त्यावर कोणीसा धाडलेला मजकूर होता की, अशा वाफेत वावरणाऱ्या मुलांच्या रक्तात पाचपट विष सापडते. दोघांचेही आवाज चढले, आणि मग दोघेही आमच्याकडे पाहू लागले, जणू आम्ही अजून हजेरीपट मांडीवर घेऊन बसलो आहोत.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने, अशी आमची विद्या. तरीही थोरल्या नातवास बरोबर घेऊन तो मूळ निबंध शोधला आणि तीन संध्याकाळ त्यावर खर्च केल्या. तेव्हा मौज अशी उघड झाली की, दोघांचीही विधाने एकाच निबंधातून निघाली होती आणि दोघांनीही तो वाचलेला नव्हता!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी अमेरिकेतील 3 ते 11 वर्षे वयाच्या 1,777 मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे अभ्यासून तो निबंध 2024 साली प्रसिद्ध केला. तंबाखूतील निकोटीन शरीरात गेले म्हणजे त्यापासून कोटिनीन नावाचा पदार्थ तयार होतो. तो रक्तात मोजता येतो. ज्या मुलांच्या सान्निध्यात कोणी काहीच ओढत नव्हते, त्यांच्या रक्तात दर लिटरमागे सरासरी 0.016 मायक्रोग्रॅम कोटिनीन होते. केवळ वाफेच्या सान्निध्यातील मुलांत 0.081, आणि सिगारेटच्या धुरातील मुलांत 0.494. आता पाटी घेऊन बसा. 0.494 शी तुलना केली तर 0.081 हे सुमारे 84 टक्क्यांनी कमी. 0.016 शी तुलना केली तर तेच 0.081 पाचपट अधिक. पुतण्या खोटे बोलत नव्हता आणि जावईबापूंचा मोबाईलही आकड्यापुरता खोटे बोलत नव्हता. एकाने धुराच्या घराशी तुलना केली, दुसऱ्याने स्वच्छ घराशी. आणि कशाशी तुलना केली हे सांगण्याचे दोघांनीही सोयीस्करपणे टाळले. आमच्या घरात आज कोणीही विडी-सिगारेट ओढत नाही. तेव्हा आमच्या नातीसाठी लागू पडणारी तुलना दुसरी होय.

येथेच न थांबता आम्ही जावईबापूंनाही एक प्रश्न केला. निकोटीन अंगात गेले हे मोजले. रोग झाला हे या निबंधात कोठे मोजले आहे? तसे मोजलेले नाही. 'पाचपट निकोटीन' याचे 'पाचपट विष' आणि पुढे 'पाचपट आजार' असे रूपांतर ज्याने केले, त्याने संशोधन केले नाही, मजकूर रंगविला. शिवाय पाचपट म्हणजे किती अल्प राशीची पाचपट, हेही पाहावे लागते.

'वाफ' या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो शब्दच फसवा आहे. भाताच्या पातेल्यावरून उठते ती पाण्याची वाफ. या नळीतून निघतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांचे अतिसूक्ष्म थेंब. 2018 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, हे साधन वापरल्याने बंद जागेच्या हवेतील सूक्ष्म कण व निकोटीन वाढतात, याविषयी आता शंका नाही. मात्र पुतण्याच्या बाजूचेही सांगणे न्यायाचे आहे. विडी दोन झुरक्यांच्या मध्ये बोटांत जळतच राहते आणि तो धूर थेट शेजाऱ्याच्या नाकात जातो. या नळीत काही जळत नाही; ओढणाऱ्याने फुंकून टाकलेलेच तेवढे बाहेर येते, आणि त्यातील थेंब धुराच्या कणांहून पुष्कळ लवकर विरतात. त्रास कमी का, याचे कारण त्यात आहे.

मग रोगाविषयी काय? दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे 2,100 तरुणांची 2014 ते 2019 पर्यंत वेळोवेळी विचारपूस करून केलेला एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. घरात दुसरा कोणी व्हेप ओढत असल्यास खोकला व कफ यांच्या तक्रारींची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आढळली, धाप लागण्याचीही अधिक. घरघरीच्या बाबतीत मात्र इतर सर्व गोष्टी हिशेबात धरल्यावर तसा संबंध उरला नाही. आमच्या नातीची तक्रार नेमकी घरघरीचीच! ही गोष्ट आम्ही सूनबाईंपासून लपविली नाही.

या अभ्यासाचे बळ व उणीव आपल्या भिवंडीकरांस चटकन कळेल. तक्रारी लोकांनी स्वतः सांगितलेल्या. आणि खोकल्यास कारणे अनेक. आमच्या संसाराची पहिली अकरा वर्षे यंत्रमागाच्या शेडवरील एका खोलीत गेली. सौभाग्यवतींस बारा महिने खोकला असे. आम्ही म्हणत असू, सुताची धूळ बाधते, साइजिंगच्या धुराड्यांचा धूर बाधतो. ते खोटे नव्हते. परंतु त्याच खोलीत आम्ही रोज वीस विड्या ओढत होतो, हे आम्ही कधी हिशेबात धरले नाही. एका कारणाने दुसरे झाकले जाते ते असे. चांगला अभ्यासक दोन्ही कारणे नोंदवून त्यांस वेगळे करण्याचा यत्न करतो. आम्ही मात्र आमचे कारण सुताच्या धुळीमागे लपविले.

घाईचे एक उदाहरण विद्वानांतलेही आहे. व्हेप ओढणाऱ्यांस हृदयविकाराचा झटका अधिक येतो, असा निबंध अमेरिकेतील हृदयरोगविषयक एका प्रतिष्ठित नियतकालिकात 2019 साली आला. त्यातील काहींस झटका आधी आला असून व्हेप त्यांनी मागाहून धरला होता, असा आक्षेप निघाला. त्याचे समाधानकारक निरसन न झाल्याने 2020 साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. हा निबंध ओढणाऱ्यांविषयी होता, शेजाऱ्यांविषयी नव्हे. पण आधी काय घडले आणि मग काय, हे विचारण्याची सवय दोहींकडे सारखीच हवी. निबंध मागे घेतला म्हणून व्हेप निर्दोष ठरला, असे मात्र कोणी समजू नये.

आणि काळाचे काय? जपानातील हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांची 14 वर्षे नोंद ठेवली, तेव्हा 1981 साली पतीच्या धुराचा पत्नीच्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध जगापुढे आला. तंबाखू कंपन्यांच्या संघटनेने त्यांच्या गणितात चूक असल्याचा गवगवा केला. चूक ठरली नाही. इतर देशांतही तसेच आढळले आणि 1986 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या अहवालाने ते मान्य केले. म्हणून कोणी आकडा पुढे केला की त्याचा खर्च कोणी सोसला, हेही विचारावे. धुराचे सत्य समजण्यास इतका काळ लागला, मग जे साधन बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षे झाली, त्याच्या शेजाऱ्यास कर्करोग होतो किंवा होत नाही, असे आज छातीठोकपणे सांगणारा कोणत्याही बाजूचा असो, तो आपल्या माहितीपलीकडे बोलतो.

आपल्या देशाने मात्र वाट पाहिली नाही. 18 सप्टेंबर 2019 रोजी वटहुकूम आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा होऊन या साधनांचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात व साठा यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. ज्यांत तंबाखू जळते त्या विड्या मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर उघड मिळतात. सोलापुरात आपल्याच समाजाच्या कित्येक भगिनींचा चरितार्थ विड्या वळण्यावर चालतो, म्हणून या विसंगतीवर आम्ही अधिक बोलत नाही. पण ती दिसते.

चौथ्या दिवशी आम्ही पुतण्यास पाटीवरील तीन आकडे दाखविले. म्हटले, "तुझे चौऱ्याऐंशी टक्के खरे आहेत, पण या घरात ते गैरलागू आहेत. मुलीच्या अंगी आज जे नाही, ते तू थोडे का होईना घालणार. ही नळी या घरात नको." तो हुज्जत न घालता उठला आणि जिना उतरून वऱ्हाळादेवीच्या तलावाकडे निघून गेला. तेव्हा सौभाग्यवती, ज्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, शांतपणे म्हणाल्या, "पोरगा उठला तरी. तुम्ही अकरा वर्षांत एकदाही जिना उतरला नाहीत." आमच्यापाशी त्यावर उत्तर नव्हते, आजही नाही.

नातवाने त्या निबंधाची प्रत छापून आणली आहे. ती प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेविली आहे. ज्यांस आमचे गणित तपासावयाचे असेल त्यांनी अवश्य तपासावे.