रक्तदाबाच्या आकड्याची विश्वासार्हता



अतिदक्षता विभागात धमनीतील रक्तदाब मॉनिटरवर सतत उमटतो, तो ट्रान्सड्यूसरमधील सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यामुळे. दाबाने पापुद्रा किंचित वाकतो आणि त्यावरील रोधकांचा विद्युतरोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुणधर्म चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केला.

पापुद्र्याची दुसरी बाजू हवेस खुली असते. कामशेतहून मुंबईस रुग्ण नेताना बोरघाट उतरावा लागतो. सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटरने कमी असतो. ही बाजू येथेच हवाबंद केली असती, तर पायथ्याशी ९० चा रक्तदाब १४० दिसला असता आणि उपचार थांबले असते.

मात्र उत्तम रचनेलाही दक्षता लागते. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीखाली १० सेंटिमीटर राहिल्यास आकडा सुमारे ७ ने वाढतो. तापमानामुळेही शून्य सरकते. म्हणून परिचारिका पातळी व शून्य वारंवार तपासतात.

यंत्रावर दात्याचे नाव लिहिता येते, देखभालीवर येत नाही. तरीही मॉनिटरच्या वार्षिक तपासणीसाठीही आपण हात सैल सोडावा, ही नम्र विनंती. त्या आकड्यावरच औषधाची मात्रा ठरते.