वाढत्या वस्तीत धंद्याला जागा कोणती?

(चावडीपुढील सभेत एका शाळामास्तराने केलेले भाषण)



गावठाणाबाहेर जेथे ज्वारी उभी राहत असे, तेथे आता प्लॉट पडून घरे झाली. घरांमागून धंदे आले. पिठाची गिरणी, मिरचीचा डंक, वेल्डिंगचे दुकान, पंक्चरवाला, चहाची टपरी. हे सारे आपलेच लोक. वाटण्या होता होता शेत चार गुंठ्यांवर आले, पोटाला पुरेना, म्हणून त्यांनी हातात हत्यार धरले. यात त्यांनी कोणाची चोरी केली? मग त्यांच्याविरुद्ध पंचायतीत अर्ज का पडतात?

पण अर्ज करणाराही वैरी नव्हे. वेल्डिंगची ठिणगी शेजारच्या कडब्यावर उडते. रात्री अकराला ग्राइंडर किंचाळतो आणि सकाळी तेच पोर आमच्यापुढे वर्गात पेंगते. त्या पोराच्या बापाला गप्प बस म्हणून कसे सांगावे? दोघांचेही खरे आहे, म्हणूनच नियम पाहिजे. नियम नसला म्हणजे वशिला राज्य करतो. पुढाऱ्याच्या भाच्याचे दुकान रस्त्यात आले तरी शाबूत, आणि ज्याला कोणी नाही त्याचा भाता उकिरड्यावर!

कोणी म्हणतील, पूर्वी गावात सर्व जागच्या जागी होते. होते खरे. कुंभाराचा आवा कडेला, कारण धूर. चामड्याचे काम दूर, कारण वास. एवढ्यापुरते ते शहाणपण होते. पण महारवाडा वेशीबाहेर ठेवला, तेथे कोणता धूर निघत होता? कामाचे निमित्त करून माणसेच बाहेर काढली, आणि ज्याने जन्मात कातड्याला हात लावला नाही त्यालाही पिढ्यानपिढ्या तेथेच बसवले. तेव्हा नवी आखणी करताना आवाज पाहा, धूर पाहा, सांडपाणी पाहा, गाड्यांची वर्दळ पाहा. धंदा करणाराचे आडनाव पाहू नका.

शिंपी, किराणा, न्हाव्याचे दुकान, पापड-लोणची यांना घरातच राहू द्यावे. त्यांच्यापायी कोणाची झोप मोडत नाही. गिरणीचे मात्र अवघड आहे. ती दूर नेली तर बायाबापड्यांनी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मैलभर चालावे काय? ती वस्तीजवळच हवी. परंतु बोळात नको, रुंद रस्त्याच्या कोपऱ्यावर हवी, यंत्राखाली रबर घालावे आणि वेळ ठरवावी. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हा आकडा गिरणीवाल्यास व शेजाऱ्यास दोघांसही ठाऊक असावा, म्हणजे अर्धी भांडणे चावडीपर्यंत येणारच नाहीत. वेल्डिंग, लेथ, ट्रॅक्टरदुरुस्ती यांना घरांपासून अंतरावर गाळे द्यावेत व वेल्डिंगपुढे पत्र्याचा आडोसा असावा. तो उजेड पोरे टक लावून पाहतात आणि रात्री डोळे चोळत रडतात. वीटभट्टीविषयी तर केंद्राच्या २०२२ च्या नियमांत वस्तीपासून किमान ८०० मीटर अंतर सांगितले आहे.

गाळ्यांसाठी गायरानाकडे बोट दाखवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आहे. तेथे बसवलेला गरीब उद्या पुन्हा उठवला जाईल, आणि बसवणारा पुढारी हात झाडून मोकळा. शहरातल्या पथविक्रेत्यास २०१४ च्या कायद्याची ढाल तरी आहे. तो कायदा खेड्याला लागू नाही. आपल्या टपरीवाल्याची ढाल म्हणजे ग्रामसभेचा ठराव.

त्या ठरावात एक गोष्ट आम्ही हात जोडून मागतो: जागा आधी, नोटीस मागून. गाळा तयार होऊन वीज-पाणी येईपर्यंत चालता धंदा उठवू नये. आणि एका कुटुंबास एकच गाळा, पोटभाड्याने देण्यास बंदी, हेही लिहून घ्या. नाहीतर पैसेवाला तीन गाळे घेईल व लोहार त्याच्याच दारात भाडेकरू होईल. पंचायतीला दरसाल विकास आराखडा करावा लागतो. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो २०१५ पासून चालू आहे. नळ, गटार, दिवे यांच्या शेजारी ही आखणीही त्यात बसली पाहिजे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, असे कायद्यातच आहे. ती पुष्कळ ठिकाणी कागदावर सह्या घेऊन उरकतात. यंदा तसे होऊ देऊ नका. गावचा नकाशा शाळेच्या फळ्यावर आम्ही काढून ठेवतो. गिरणीची खूण कोठे करावयाची ते दळण नेणाऱ्या बायांनी येऊन सांगावे. पुरुषांनी मग ग्रामसभेत बोलावे.