शुद्ध लेखन आणि मोकळी बोली
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कान्हे येथे केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही विद्येने केवळ मॅट्रिक. परंतु मुलांना मराठी शिकविण्यात आयुष्य गेले, म्हणून त्याच विषयावर बोलतो.

आमचा नातू म्हणतो, "आजोबा, मी कान्हेला जाऊन येतो." आम्ही म्हणतो, "कान्ह्याला म्हण." पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्याला, तसेच कान्हे-कान्ह्याला, हे आमचे व्याकरण. तो विचारतो, "हा नियम कोणी केला?" प्रश्न लहान तोंडचा खरा, पण लहान नव्हे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. ज्ञानेश्वरी त्यापूर्वी सुमारे साडेपाचशे वर्षांची. म्हणजे भाषा आधी, व्याकरण मागून. लोकांनी पाडलेली पाऊलवाटच व्याकरणकार आखून देतो.

आमच्या वडिलांच्या पत्रांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' असे अनुस्वार असत. देशावरच्या शिष्ट बोलण्यातून तो नाकातला उच्चार केव्हाच गेला होता; कागदावर मात्र टिंब राहिले होते. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि असे अनुस्वार गेले. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. वडिलांचे शुद्ध ते आमच्या पाटीवर अशुद्ध ठरले!

मग नियम नकोतच काय? तसे मुळीच नव्हे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. बोलताना समोरचा माणूस फिरून विचारू शकतो. अर्ज किंवा खरेदीखत वाचणाऱ्यास तशी सोय नसते. यास्तव लेखनास नियम हवा, आणि तो सर्वांस एकच हवा.

परंतु आज येथे एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी 'पानी' म्हणाली. आम्ही तिला सर्वांदेखत दहा वेळा 'पाणी' म्हणावयास लावले. मुले हसली. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही. तिची आई व आजी 'पानी'च म्हणत. आम्ही तिचा एक वर्ण सुधारला आणि तिची वाचा घालविली. हा दोष व्याकरणाचा नव्हे, आमचा.

म्हणून आपणां सर्वांस विनंती की, मुलांची वही शुद्ध असावी असा आग्रह अवश्य धरा. पण घरातील आजीच्या बोलीस कोणी हसू नये आणि मुलांनीही तिची लाज बाळगू नये. त्याच बोलीत आपण सारे बोलावयास शिकलो.

नातवास आम्ही अजूनही 'कान्ह्याला' असेच सांगतो. मात्र आता त्याचे बोलणे पुरे होऊ देतो, मग सांगतो.

इतके बोलून आपली रजा घेतो.