जिमचा डबा आणि आजोबांची गोळी

(रौप्यमहोत्सवी आरोग्य सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. 35 वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला फार्मासिस्ट आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो. आपली व्यायामशाळा सुरू झाल्यापासून लिफ्टमध्ये मुलांच्या हातात मोठाले डबे दिसतात. "काका, हे घेतलं तर चालेल ना?" असं विचारतात. त्या डब्यांवरच्या दोनच नावांबद्दल आज बोलतो: आर्जिनिन आणि सिट्रुलिन.

दोन्ही अमायनो आम्लं. आर्जिनिन तर आपल्या शेंगदाण्यातही असतं, 100 ग्रॅममध्ये साधारण 3 ग्रॅम. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. तो रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतो, वाहिनी रुंदावते, रक्त जास्त वाहतं. या वायूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, तीही याच वाटेने काम करते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आर्जिनिन गिळलं की आतडं आणि यकृत त्यातलं बरंचसं वाटेतच फस्त करतात. सिट्रुलिन मात्र यकृताला चुकवून मूत्रपिंडापर्यंत पोचतं आणि तिथे त्याचं आर्जिनिन होतं. म्हणून हल्ली डब्यांत सिट्रुलिन जास्त. 1914 मध्ये जपानमध्ये ते कलिंगडाच्या रसातून वेगळं काढलं गेलं. नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडलं. फायदा किती? काही प्रयोगांत दोन-चार रेप्स जास्त निघाल्या, काहींत फरकच पडला नाही. आणि ज्याची झोप पाच तासांची, जेवण वडापावचं, त्याला डबा काय करणार? (मुलांनो, हसू नका, मी सगळ्यांना ओळखतो.)

तरुणांचं झालं तर पोट बिघडेल आणि खिसा हलका होईल. माझी काळजी वेगळी आहे. आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी (त्यांची परवानगी घेऊन सांगतोय) गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या डब्यातलं चमचाभर घ्यायला सुरुवात केली. डब्यावर 'रक्तप्रवाह सुधारतो' असं वाचलं म्हणून. अँजिओप्लास्टी झालेली, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. दहाव्या दिवशी पहाटे उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले. कपाळाला चार टाके. पावडरमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यांच्या डॉक्टरांना पावडरचा पत्ताच नव्हता! का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले, "ते काय औषध आहे होय, सांगायला?"

अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर आर्जिनिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. हृदय सुधारेल अशी आशा होती, सुधारलं नाही. उलट आर्जिनिनच्या गटातले 6 जण दगावले, दुसऱ्यात एकही नाही. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. आकडा लहान आहे, योगायोगही असू शकतो. पण अटॅकनंतर हे देऊ नये, असं 2006 मध्ये त्या डॉक्टरांनीच लिहिलं.

तेव्हा अटॅक येऊन गेलेल्यांनी आर्जिनिनला हात लावू नये. जिभेखालची गोळी किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल, तर सिट्रुलिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेवटी त्याचं आर्जिनिनच होतं. मूठभर शेंगदाण्यांना मात्र कुणी घाबरू नका, नाहीतर उद्या वहिनी मला पोह्यांबद्दल जाब विचारतील.

रविवारी सकाळी 10 वाजता मी ए विंगखालच्या बाकावर असतो. डबे घेऊन या, आणि आजी-आजोबांच्या औषधांची चिठ्ठीही आणा. बारीक अक्षर वाचायला भिंग मी आणतो.