हृदयाचे माप

(पनवेल येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्याकडे 'हार्ट फेल झाले' याचा अर्थ एकच होतो : माणूस गेला. वैद्यकाच्या परिभाषेत मात्र 'हार्ट फेल्युअर' झालेला माणूस जिवंत असतो, दवाखान्याच्या बाकावर आपल्या शेजारी बसलेला असतो आणि योग्य उपचार मिळाल्यास पुढे अनेक वर्षे संसार करू शकतो. त्याचे हृदय बंद पडलेले नसते. शरीराला हवे तितके रक्त पुढे ढकलण्यास ते असमर्थ झालेले असते, इतकेच. मी वैद्य नव्हे, माहिती खात्याचा माणूस. शब्दांचा घोटाळा मला अधिक खुपतो. म्हणून आज मी 'हृदयदौर्बल्य' असा शब्द योजणार आहे.

हे दौर्बल्य मोजावयाचे कसे? स्वीडनमधील लुंड येथे 1953 साली इंगे एडलर हे वैद्य आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी धातूतील छुपे दोष शोधण्याचे ध्वनिलहरींचे उपकरण माणसाच्या छातीवर लावून पाहिले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा प्रतिध्वनी हृदयाच्या भिंतींवरून परत आला आणि हृदयाची हालचाल प्रथमच अशा रीतीने टिपता आली. आज ज्याला आपण 'इको' म्हणतो त्याचा हा आरंभ.

इकोच्या अहवालात एक टक्केवारी असते. तिला 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणतात. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, म्हणजे शालेय पुस्तकांतील जवनिकेत, समजा 120 मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्यात त्यातील 70 बाहेर गेले, तर टक्केवारी 58 झाली. ती निरोगी समजावी. थकलेल्या, फुगलेल्या हृदयात 200 मिलिलिटर भरते आणि 60 बाहेर पडते, टक्केवारी 30. या आकड्यावर बरेच काही अवलंबून असते. 40 किंवा त्याहून कमी असेल तर औषधांची एक ठरावीक मालिका सुरू होते. औषधे देऊनही तो 35 च्या वर न आल्यास, धोक्याच्या क्षणी विजेचा धक्का देणारे महागडे यंत्र छातीत बसवावे की काय, हा प्रश्न उभा राहतो. शेत गहाण पडावे असा हा निर्णय, आणि तो एका मापावर!

हे माप किती भरवशाचे? नेहमीच्या द्विमितीय इकोत हृदयाचे दोन छेद पाहून उरलेला आकार गणिताने गृहीत धरतात. पनवेलकरांना कर्नाळ्याचा सुळका ठाऊक आहे. दोन बाजूंनी काढलेल्या दोन छायाचित्रांवरून त्या सुळक्यात किती घनफूट दगड आहे ते सांगा, असे कोणी म्हटले तर आपण अंदाजच करणार. सुळका सर्व बाजूंनी सारखा असता तर अंदाज बरोबर ठरला असता. झटका येऊन गेलेले हृदय असेच एका बाजूने वेडेवाकडे झालेले असते. शिवाय छेद थोडा तिरका गेला तर हृदयाचे टोक कापले जाते आणि कप्पा आहे त्याहून लहान दिसतो.

त्रिमितीय इकोच्या शोधकात हजारो सूक्ष्म स्फटिक चौकटीत मांडलेले असतात. ते एक पातळ पापुद्रा टिपत नाहीत, हृदयाचा सबंध घनाकार टिपतात. संगणक आतील भिंतीचा मागोवा घेतो आणि आकार गृहीत न धरता रक्ताचे आकारमान काढतो. एम.आर.आय.शी ताडून पाहता हे माप अधिक जुळते, आणि पुन्हा मोजले असता कमी बदलते.

या दुसऱ्या गुणाचे मोल आपल्याच तालुक्यात, खारघरला कळते. तेथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संस्था आहे. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन, ट्रास्टुझुमॅब यांसारखी काही औषधे हृदयाला इजा करू शकतात, म्हणून अशा उपचारांत हृदयाची टक्केवारी वेळोवेळी पाहावी लागते. ती दहा अंकांनी घसरून ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर वैद्य सावध होतात. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, द्विमितीय मापात दोन वेळांतील फरकच दहा अंकांच्या घरात जाऊ शकतो; त्रिमितीयात तो सुमारे सहा असतो. ताजव्याची चूक मालाच्या तुटीएवढी असेल तर व्यापार कसा करावा? एखाद्या भगिनीचे कर्करोगाचे औषध विनाकारण थांबेल, किंवा थांबावयास हवे असता चालू राहील.

यंत्राला मर्यादाही आहेत. नाडी अनियमित असेल, दम्याने छाती फुगलेली असेल, रुग्णाला श्वास रोखून धरता येत नसेल, तर चित्र बिघडते. तंत्रज्ञाचा हात सरावलेला नसेल तर यंत्र केवळ सुबक चित्रे काढीत बसते.

यंत्रापर्यंत रुग्ण पोचला पाहिजे, हेही आहेच. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच रायगड जिल्ह्यात, महाड परिसरात, विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून विषाने हृदय कसे दुबळे पडते व फुप्फुसांत पाणी कसे भरते, याचा अभ्यास केला. प्राझोसिन या स्वस्त गोळीने त्यांनी असंख्य जीव वाचविले. तेव्हा त्यांचा मुख्य भर होता तो डोळे, हात आणि स्टेथोस्कोप यांवर. चढावर लागणारा दम, पावलांवरील सूज, रात्री उताणे निजले असता होणारी घुसमट ही लक्षणे आशाताईंना व शिक्षकांनाही ओळखता येतात.

आणखी एक गोष्ट घरोघर सांगावी. टक्केवारी सुधारली की औषधे बंद करण्याचा मोह होतो. लंडनमध्ये हृदय पूर्ववत झालेल्या 51 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांची औषधे प्रथम काढून घेतली त्यांपैकी 44 टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. तेव्हा गोळ्या थांबविण्याचा निर्णय वैद्यावर सोडावा; आणि तपासणीला जाताना मागचा अहवाल पिशवीत असावा. माप कोणत्या पद्धतीने घेतले ते त्यावर पाहता येते. पद्धत बदलली असेल तर 38 आणि 44 यांतील फरक हा हृदयाचा की यंत्राचा, असे वैद्याला अवश्य विचारावे.