भौतिकशास्त्राला काय काय लागतं?



एका कवीनं भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. त्यातून मी साधा बी.ए. पण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून जी पदवी घेतली, तीही बी.ए.च होती, भौतिकशास्त्रातल्या सुवर्णपदकासह. हेच रामन १९१० च्या सुमारास सरकारी नोकरीत असताना काही काळ आपल्या नागपुरातही होते. पुढे १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गांधीसागरासमोरचं १९९२ मध्ये सुरू झालेलं विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं आहे. तेव्हा पदवीच्या अक्षरांवरून माणसानं फार दबून जाऊ नये, एवढं म्हणून मी विषयाकडे वळतो.

या विषयात मला ओढलं ते माझ्या भाचीनं. तिचे अब्बा पंख्याच्या आणि पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करतात. लहानसं दुकान आहे. मुलगी मराठी शाळेतून दहावी झाली, विज्ञान शाखेतून बारावी झाली आणि एका संध्याकाळी माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मामू, मला फिजिक्स घ्यायचंय. पण यात फिजिक्स सोडून बाकी सगळंच दिसतंय. तुम्ही मराठीवाले आहात, याचं मराठी करून सांगा."

पत्रक वाचून मलाही क्षणभर चक्कर आली. आमच्या काळी नागपूर विद्यापीठाचं गणित सोपं होतं. बी.एस्सी.ला तीन विषय घ्यायचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हा नेहमीचा गट. कुणी रसायनाऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संख्याशास्त्र घेई. तिन्ही विषय तिन्ही वर्षं सारख्याच वजनाचे. मुंबई-पुण्यात शेवटच्या वर्षी एकाच विषयावर भर असे, तसं आपल्याकडे नव्हतं. तीन पायांची तिवई, एक पाय लांब नाही की एक आखूड नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ही तिवई मोडून नवं फर्निचर आणलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांमध्ये २०२३-२४ पासून आणि इतरत्र २०२४-२५ पासून ते लागू झालं. आता मोजमाप श्रेयांकांचं. पंधरा तासांचं शिकवणं म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकासाठी तीस तास उभं राहावं लागतं. एका सत्रात साधारण वीस ते बावीस श्रेयांक. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ ची. त्यात एक मुख्य विषय, म्हणजे मेजर. एक जोडविषय, म्हणजे मायनर. शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव.

मी भाचीला म्हटलं, "बेटा, हे लग्नाच्या जेवणासारखं आहे. ताटात पंधरा पदार्थ दिसतात. पोट कशानं भरतं ते आधी पाहा." भौतिकशास्त्रात पोट भरतं ते यांत्रिकी, लहरी, उष्णता, प्रकाश, वीज आणि चुंबकत्व यांनी, मग पुंजयांत्रिकी, अणू आणि घनपदार्थ. आणि हे सगळं ज्या भाषेत लिहिलंय, ती भाषा गणिताची. इथंच नव्या व्यवस्थेत एक खाचखळगा आहे. पूर्वी भौतिकशास्त्राबरोबर गणित जवळपास ठरलेलं असे. आता मायनर म्हणून गणिताऐवजी दुसरा, सोपा वाटणारा विषयही निवडता येऊ शकतो. नियम त्याला परवानगी देईल; पुंजयांत्रिकी देणार नाही. श्रोडिंजरचं समीकरण अवकल समीकरण आहे आणि मॅक्सवेलची समीकरणं सदिशांच्या कलनाशिवाय उलगडत नाहीत. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी 'जॅम' नावाची परीक्षा असते. तिच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात गणिती पद्धतींना स्वतंत्र जागा आहे. म्हणून माझी विनंती आहे, जिथं गणित मायनर म्हणून मिळतं, तिथं ते सोडू नका.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या विदर्भात कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजीच्या डोहात पडतात. 'संवेग' म्हणजेच 'मोमेंटम' हे कळायलाच सहा महिने जातात. माझ्या भाचीचं उलट झालं. पुस्तकात 'कपॅसिटर' वाचून ती घाबरली होती. तिच्या अब्बांनी दुकानातून एक काळी डबी आणून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हाच तो. आम्ही याला कंडेन्सर म्हणतो. हा गेला की पंखा घुमतो, पण फिरत नाही." त्या दिवशी तिचं भय गेलं. ज्या घरात तांब्याची तार मोजून गुंडाळली जाते, त्या घरात फॅरेडे आधीच येऊन गेलेला असतो. त्याची ओळख करून देणारं कुणीतरी लागतं, इतकंच.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी कौशल्याचे आणखी चार श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांत पदवी पुरी करता येते. अडचणीतल्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे, वर्ष वाया जात नाही. पण आमच्या घरात हे वाचून लगेच एक वडीलधारी म्हणाली, "बरं झालं, वर्षभर शिकू दे, सर्टिफिकेट मिळेल, मग स्थळ पाहू." श्रोतेहो, बाहेर पडायचं दार मुलाला आणि मुलीला सारखंच उघडं असतं, परत येण्याचं दार मात्र मुलीसाठी घरचेच लावून घेतात. मी मेव्हण्यांशी बोललो. मोटारीचं अर्धं वाइंडिंग करून गिऱ्हाइकाला देता का, एवढंच विचारलं. ते हसले नाहीत, विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रवेशाची फी भरली, आणि तीन वर्षं पुरी करू देण्याचा शब्दही दिला.

आता शेवटची गोष्ट. ही कुठल्याही पत्रकात छापलेली नसते. प्रयोगशाळेत लंबकावरून गुरुत्वाकर्षणाचं त्वरण काढतात. पुस्तकातलं उत्तर ९.८ च्या आसपास. मुलांचं येतं ९.४. मग मागच्या वर्षीचं रेकॉर्ड कुणाकडून तरी आणून, आकडे उलटे बसवून ९.८ 'आणलं' जातं. सही मिळते, गुण मिळतात, आणि भौतिकशास्त्र तिथंच संपतं.

लॉर्ड रॅले यांनी हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक क्रियेतून मिळवलेला नायट्रोजन मोजून पाहिला. घनतेत फरक होता हजारात पाचेक भागांचा. तो त्यांनी झाकला नाही; कारण शोधत बसले. त्यातून १८९४ मध्ये रॅम्से यांच्यासह त्यांनी आर्गॉन हा नवा वायू जगापुढे आणला. रॅले यांना १९०४ चं नोबेल मिळालं. पुढे हाच आर्गॉन आपल्या घरातल्या बल्बमध्ये भरला गेला. पुस्तकाशी जुळावं म्हणून त्यांनी आकडा दुरुस्त केला असता तर?

मोजण्याची ही परंपरा आपल्या मातीतही आहे. १८०२ पासून मद्रासहून भारताची महात्रिकोणमितीय मोजणी करत वर सरकणारा कर्नल लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. साखळी आणि थिओडोलाइट घेऊन माणसं उन्हातान्हात आयुष्य घालवत होती, कशासाठी? आकडा खरा असावा म्हणून.

भाचीला मी एवढंच सांगितलं, ९.४ आलं तर ९.४ लिही, आणि खाली का आलं ते लिही. दोरीची लांबी चुकली असेल, आंदोलनं मोजताना एखादं निसटलं असेल. सर एखादा गुण कापतील, कापू देत. कवितेतही आम्हांला हेच करावं लागतं. दिसलं तेच लिहायचं. दुसऱ्याच्या वहीतलं सुंदर वाक्य आपल्या नावावर खपवायचं नाही.

प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत माहितीपत्रकं उघडली जातात. पालकांनी श्रेयांक मोजावेत, गणित आहे का ते पाहावं, फी आणि बसभाड्याचा हिशेबही जरूर करावा. पण मुलाला किंवा मुलीला एकदा हेही विचारावं, की तुला यातलं काय समजून घ्यावंसं वाटतं. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावं.