करडा सूट आणि हनुवटीवरचा घाम

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांचा पहिला दूरचित्रवाणी वाद रंगला तो २६ सप्टेंबर १९६० रोजी, शिकागोच्या एका स्टुडिओत. त्याचं चित्रण मी अलीकडेच पाहिलं. मला तिथे ना मत, ना पक्ष. त्यामुळे मुद्द्यांआधी हे दोन उमेदवार, केनेडी आणि निक्सन, माणसं म्हणूनच दिसले.

केनेडी गडद सुटात, थेट कॅमेऱ्याकडे बघत बोलतात. म्हणजे घरी बसलेल्या माणसाशी. निक्सन मात्र केनेडींनाच उत्तरं देत राहतात. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते नुकतेच इस्पितळात राहून आलेले, वजन उतरलेलं. फिका करडा सूट मागच्या पडद्यात विरघळलेला. दाढीच्या खुंटांवर नुसती पावडर. केनेडी बोलत असताना कॅमेरा निक्सनवर येतो आणि ते नेमके रुमालाने हनुवटी टिपताना सापडतात. खरं सांगू? मला त्यांची दयाच आली.

डोळे मिटून ऐकलं, तर हेच निक्सन कुठे कमी पडत नाहीत. रेडिओवर ऐकणाऱ्यांना तेच जिंकले असं वाटलं, ही गोष्ट फार सांगितली जाते. तिचा पुरावा मात्र तोकडा आहे. आकाशवाणीवर बसून हे कबूल करणं जरा जिवावर येतं!